‘स्नेह’ या शब्दाची कुळकथा

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला या गावी एक शब्द दोन भाषांच्या घरांत सारख्याच हक्काने नांदतो. तो शब्द म्हणजे ‘स्नेह’. मराठी घरी पत्र लिहिले, तर त्याच्या अखेरीस ‘आपला स्नेहांकित’ अशी सही होते, लग्नपत्रिकेत ‘स्नेहभोजना’चे आमंत्रण असते, मराठी शाळेत वर्षातून एकदा ‘स्नेहसंमेलन’ भरते. शेजारच्या तेलुगू घरातील मुलगा आपल्या सवंगड्यास ‘स्नेहितुडु’ म्हणतो, मुलगी आपल्या मैत्रिणीस ‘स्नेहितुरालु’ म्हणते, आणि त्यांच्या गट्टीला सारे घर ‘स्नेहम्’ म्हणते. मराठीत हा शब्द जरा ठेवणीतला, सणावारी बाहेर काढायच्या लुगड्यासारखा. तेलुगूत तोच रोजच्या अंगावरचा. पण वस्त्र एकच आहे. ते कोणत्या सुताचे विणले आहे, हे आज आमच्या वाचकांसमोर उलगडून ठेवावे, असे आम्ही योजले आहे.

बेला हे मंडलाचे ठिकाण तेलंगणाच्या अगदी उत्तर काठावर आहे. मंडलाच्या उत्तरेस पैनगंगा वाहते आणि नदी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. मात्र नदीच्या अलीकडे मराठी संपली, असे कधीच झाले नाही. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, बाजाराची मराठी व तेलुगू, डोंगरातल्या वाड्यापाड्यांची गोंडी व कोलामी. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी भाषेवरून झाली, तेव्हा आदिलाबादचे राजुरा व किनवट हे भाग मुंबई राज्याकडे गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशाकडे. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, २०१६ साली जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. इतक्या वाटण्या होऊनही माहेर या तीरी आणि सासर त्या तीरी, अशी घरे या पट्ट्यात आजही पुष्कळ आहेत.

अशा गावात आपलेपणा सांगणाऱ्या शब्दांना तोटा कसा असेल? उर्दूतून ‘दोस्ती’ आली. तिचे मूळ फारसीत. संस्कृतातून ‘मैत्री’ आली. ‘सोयरीक’ तर घरचीच. पंडित तिचे मूळ ‘सहोदर’ या शब्दात, म्हणजे एका उदरातून आलेल्या भावात शोधतात. या साऱ्यांच्या पंगतीत ‘स्नेह’ वेगळा दिसतो, कारण त्याचा जन्म कोणत्याही नात्यातून झालेला नाही. तो जन्मला आहे एका चिकट, ओलसर, बोटाला लागणाऱ्या वस्तूतून.

संस्कृतात ‘स्निह्’ असा एक धातू आहे. त्याचे दोन अर्थ कोशात शेजारीशेजारी मिळतात: ओलसर व चिकट होणे, आणि प्रेम जडणे. त्यावरूनच ‘स्नेह’ म्हणजे तेल, तूप, चरबी. आणि ‘स्नेह’ म्हणजे माया. तेलकट व तुकतुकीत वस्तूला ‘स्निग्ध’ म्हणावे, आणि मायेने पाहणाऱ्या दृष्टीलाही ‘स्निग्ध’च म्हणावे. हिंदीतला ‘नेह’ याच घरचा. आमच्या जुन्या कवींना या दुहेरी अर्थाचा मोठा नाद होता. दिव्यातला स्नेह सरला की दिवा विझतो, या एका गोष्टीवर त्यांनी शेकडो कोट्या केल्या आहेत.

या धातूची सोयरीक फार दूरवर पोहोचते. युरोपातील अनेक भाषांत बर्फाला जे शब्द आहेत, त्यांत इंग्रजीतला ‘स्नो’ही आला, ते या ‘स्निह्’चेच भाऊबंद असावेत, असे पुष्कळ भाषापंडितांचे मत आहे. जमिनीला आणि झाडाच्या फांदीला ओलसरपणे चिकटून राहणारे ते बर्फ. थंड मुलखात ज्या शब्दाचे हिम झाले, त्याचे आमच्या उन्हाच्या मुलखात तेल झाले, आणि तेलाची पुढे माया झाली.

आता याच्या विरुद्ध शब्द पाहा, म्हणजे अर्थ अधिक उजळेल. ‘स्निग्ध’च्या उलट ‘रूक्ष’. कोरड्या पडलेल्या कातडीला रूक्ष म्हणतात, आणि तुटक बोलणाऱ्या माणसालाही रूक्षच म्हणतात. संस्कृत बाजूला ठेवले, तरी आमच्या बायाबापड्या हेच बोलतात. कोणी ‘कोरडे’ बोलला, कोणाच्या बोलण्यात ‘ओलावा’ नाही, असे सहज म्हटले जाते. शत्रुत्व नसले म्हणजे स्नेह आहे, असे भाषा मानीत नाही. स्नेहाचे उलट वैर नव्हे, कोरडेपणा होय, असे तिने पूर्वीच ठरवून ठेवले आहे. वैर पेटलेले दिसते, म्हणून गाव ते विझवायला धावते. कोरडेपणाला ना धूर ना ज्वाळा, म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

स्नेह म्हणजे तेल, तर तेल म्हणजे काय, हाही प्रश्न ओघानेच येतो. ‘तेल’ हा शब्द ‘तीळ’ या शब्दाचे लेकरू आहे. तिळाचे ते तैल. तीळ या देशात फार पुरातन; हडप्पा येथील उत्खननात जळलेल्या तिळाचे दाणे मिळाले आहेत. दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मे तेल असते. पुढे शब्दाने आपला अंगण-उंबरा ओलांडला. मोहरीचे ‘तेल’, जवसाचे ‘तेल’, मोहाच्या बियांचे ‘तेल’ असे आपण म्हणू लागलो, आणि या वस्तूंत तिळाचा एक कणही नसताना त्यांनी तिळाचे नाव आनंदाने घेतले. तेलुगूत तेलाला ‘नूने’ म्हणतात. ‘नुव्वुलु’ म्हणजे तीळ आणि ‘नेय्यि’ म्हणजे तूप; या दोहोंच्या मिलनातून ‘नूने’ झाले, असे भाषाशास्त्री मानतात. म्हणजे बेल्याच्या बाजारात मराठी माणसाने तेल मागितले काय आणि तेलुगू माणसाने नूने मागितले काय, दोघेही नकळत तिळाचेच नाव घेतात. युरोपात हीच कथा जैतुनाची झाली. ग्रीक भाषेत जैतुनाच्या फळाच्या तेलाला जो शब्द होता, तोच लॅटिनमधून फिरत फिरत इंग्रजीत ‘ऑइल’ झाला. पूर्वेस तिळाने आणि पश्चिमेस जैतुनाने आपले नाव इतके मोकळ्या हाताने वाटले, की आता साऱ्या तेलांनी ते पांघरले आहे.

आमच्या वैद्यांनी स्नेहाचा अभ्यास फार बारकाईने केला. चरकसंहितेत तूप, तेल, वसा आणि मज्जा असे चार मुख्य स्नेह सांगितले आहेत. पंचकर्मांच्या आधी रोग्यास ‘स्नेहन’ द्यावे, असा नियम आहे. अंगात साठलेला दोष कोरड्या शरीरातून ओढून काढू गेले तर शरीरच दुखावते. आधी स्निग्धपणा मुरू द्यावा, मग दोष सुटा होतो, असा त्यामागील विचार. ज्यास मुलाबाळांची किंवा शेजाऱ्याची चूक दाखवून द्यावयाची आहे, त्याने हा वैद्यकाचा नियम ध्यानात ठेवावा. कोरड्या अंगातून काढलेला काटा मांसासकट निघतो.

तर्कशास्त्र्यांनी तर याहूनही सुंदर गोष्ट पाहिली. आंध्र देशीचे पंडित अन्नंभट्ट यांनी सतराव्या शतकात ‘तर्कसंग्रह’ नावाची छोटी पोथी रचली. तीत पदार्थांचे चोवीस गुण मोजले आहेत, आणि त्यांतील एक गुण ‘स्नेह’ हा आहे. त्यांनी त्याची ओळख स्वयंपाकघरातून दिली. सुट्या पिठाचा गोळा ज्याच्यामुळे बनतो, तो स्नेह. हा गुण त्यांच्या मते पाण्याचा.

ही व्याख्या समजण्यास आमच्या माताभगिनींना कोणत्याही पंडिताची गरज नाही. ज्वारीची भाकरी थापणाऱ्या प्रत्येक हाताला ती ठाऊक आहे. गव्हात ग्लूटेन नावाचे चिवट द्रव्य असते, म्हणून कणीक स्वतःच धरून राहते. ज्वारीत ते नाही. तिचा कण दुसऱ्या कणाला आपण होऊन धरीत नाही. म्हणून तिला आधणाचे कढत पाणी लागते. त्या उष्णतेने पिठातील सत्त्व फुगते, चिकट होते आणि गोळा जमतो. त्यानंतरही हात थांबवून चालत नाही. तळहाताने मळावे लागते, पुनःपुन्हा मळावे लागते. आणि पीठ फार दिवस डब्यात पडून राहिले, तर ते ‘विरी’ जाते. दिसायला तेच पीठ, रंग तोच, वजनही तेच. पण भाकरी थापू जावे तर ती कडेने फाटते, उचलताना तुकडे पडतात. पिठातून काहीच चोरीस गेलेले नसते. गेलेली असते ती एकमेकांस धरून राहण्याची शक्ती.

वाचकहो, कित्येक घरे अशी विरी गेलेली आपण पाहतो. घर तेच, माणसे तीच, देवघरात दिवाही तोच. कोणी कोणाशी भांडलेले नसते. थोरला भाऊ नदीपलीकडे कामाला गेला, धाकटा शहरात राहिला, बहिणीला सणाला बोलावणे राहून गेले, बांधावरून एकदा तुटक बोलणे झाले आणि ते कोणी सांधले नाही. दहा वर्षांनी आईबापांच्या आजारपणात हे सारे कण एका ठिकाणी आणावे लागतात, तेव्हा कळते की गोळा जमत नाही. पीठ ताजे असताना मळले नाही, याची ती शिक्षा असते.

पण स्नेहाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जे चिकटते, ते अडकवतेही. पाली भाषेतील बौद्ध ग्रंथांत ‘सिनेह’ हा शब्द बहुधा सावधगिरीच्या सुरात येतो. तेथे त्याचा अर्थ आसक्ती. स्वतःवरचा तो स्नेह मुळासकट तोडावा, असा उपदेश आहे. जैन आचार्यांनी दृष्टान्त दिला, की अंगाला तेल लावून धुळीत उभ्या राहिलेल्या माणसाला जशी धूळ चिकटते, तसे कर्म जीवाला चिकटते. या थोर पुरुषांनी शब्दाच्या मुळाशी असलेला चिकटपणा ओळखला होता. आपल्याच मुलाला, आपल्याच जातीला, आपल्याच भाषेला चिकटून राहणारा जो स्नेह, तो दुसऱ्याला दूर लोटतो. गोळा जमतो खरा, पण तो मुठीतच राहतो. त्याची भाकरी होऊन कोणाच्या पानात पडत नाही.

मग स्नेह खरा कोणता आणि आसक्ती कोणती, हे ओळखावे कसे? आमच्या मते त्याची खूण तेलातच आहे. तेल साठवण्यासाठी असते की ओतण्यासाठी, एवढेच पाहावे.

आमचा संक्रांतीचा सण पाहा. कडाक्याच्या थंडीत अंगाला उष्ण व स्निग्ध अन्न हवे असते. त्या दिवशी मराठी माणूस तीळ हातात घेतो, पण तो आपल्या तोंडात टाकण्यापूर्वी दुसऱ्याच्या तळहातावर ठेवतो. तिळात स्नेह, गुळाच्या पाकात धरून ठेवण्याची शक्ती, आणि दोन्ही मिळून सुट्या दाण्यांचा लाडू. ‘गोड बोला’ ही विनंती त्यानंतर येते. वर्षभरात ज्याच्याशी तुटक बोलणे झाले, त्याच्या दारी जाण्यास या सणाइतके चांगले निमित्त नाही. शब्दांना जे सांगावयास अवघड जाते, ते तीळ सांगतो.

आदिलाबाद जिल्ह्यातच नारनूर येथे, पौष पौर्णिमेच्या सुमारास, तोडसाम कुळातील आदिवासी बांधवांची खामदेवाची जत्रा भरते. तेथील एक प्रथा ऐकून परका माणूस थक्क होतो. कुळाची एक लेक, जी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली आहे, ती देवापुढे दोन-अडीच किलो तिळाचे तेल पिते. तिने हे व्रत तीन वर्षे चालवावयाचे असते. ही रीत १९६१ पासून चालत आली आहे, असे वर्तमानपत्रांतून छापून आले आहे; आणि अलीकडे हा मान राज्याची सीमा ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यातून आलेल्या एका लेकीने पार पाडला. कुळात सुखशांती नांदावी, पीकपाणी चांगले यावे, म्हणून हे केले जाते. याचे अनुकरण कोणी आपल्या घरी करावे, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. घराघरांतून आलेले तेल एका कुळाच्या कल्याणासाठी एकत्र होते. आणि साऱ्या कुळाच्या वतीने ते घेण्याचा मान घरात राहिलेल्या मुलाला मिळत नाही, दुसऱ्या घरी दिलेल्या मुलीला मिळतो. जी दूर गेली, तिच्याकडूनच कुळ पुन्हा जोडून घेतले जाते.

आम्हां ख्रिस्ती माणसांना तर तेलाचा अर्थ नव्याने सांगावयास नको. ‘ख्रिस्त’ हे नावच ग्रीक भाषेत ‘अभिषिक्त’, म्हणजे ज्याला तेलाने अभ्यंग केला आहे तो, असे सांगते. प्रभू येशूने शेजारी कोण याचे उत्तर देताना जी गोष्ट सांगितली, तिच्यातही तेल आहे. वाटमाऱ्यांनी अर्धमेला करून टाकलेल्या प्रवाशाला पाहून दोन धर्मशील माणसे दुसऱ्या बाजूने निघून गेली. त्यांनी त्याला मारले नाही, शिवी दिली नाही. ती केवळ कोरडी राहिली. ज्या शोमरोनी माणसाशी यहुद्यांचा व्यवहारही नव्हता, त्याने जवळ येऊन जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. तेल त्याच्या स्वतःच्या प्रवासाच्या शिदोरीतले होते. येथे ‘स्नेह’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एका कृतीत एकत्र झाले: जखमेवर पडले ते तेल, आणि तेच प्रेम.

ख्रिस्तसभेने दुखणाइतांच्या अभ्यंगासाठी शतकानुशतके जैतुनाचेच तेल वापरले. १९७२ साली संत पोप सहावे पॉल यांनी लॅटिन विधीच्या संस्कारात बदल केला, तेव्हा जेथे जैतुनाचे तेल मिळणे कठीण आहे, तेथे वनस्पतीपासून काढलेले दुसरे तेल चालेल, असे ठरवून दिले. कारण साधे होते: पृथ्वीवर पुष्कळ देशांत जैतुन उगवत नाही, पण आजारी माणसे सर्वत्र असतात. म्हणजे आमच्या शेतातल्या तिळाचेही तेल, आशीर्वादित होऊन, एखाद्या म्हाताऱ्याच्या कपाळावर त्या संस्काराचे तेल म्हणून लावता येते. जो दाणा संक्रांतीला शेजाऱ्याच्या तळहातावर पडतो, त्याच्या भावंडाला हाही मान मिळावा, यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो.

एक गोष्ट मात्र सर्व तेलांना सारखी आहे. तीळ मुठीत धरून त्याची कितीही स्तुती केली, तरी तेल निघत नाही. त्यासाठी घाणा लागतो. दाणा चिरडला जातो, तेव्हा त्याच्या पोटातला स्नेह बाहेर येतो आणि मागे पेंड उरते. ज्या बागेत प्रभूने आपल्या यातनेच्या आदल्या रात्री घाम गाळीत प्रार्थना केली, त्या गेथशेमनी बागेच्या नावाचा अर्थही तेलाचा घाणा असाच आहे. स्नेहाला किंमत पडते, हे दाण्यापासून देवापर्यंत सर्वत्र खरे आहे.

म्हणूनच गोड जिभेला स्नेह समजण्याची घाई करू नये. ज्याच्याकडून काम काढायचे, त्याला ‘लोणी लावणे’ हा वाक्प्रचार आमच्या भाषेत उगीच आलेला नाही. ते लोणी बाहेरून चोपडलेले असते, उन्हात वितळते. आत मुरलेल्या तेलाची गोष्ट वेगळी. शेजारच्या घरी मयत झाली असता चूल पेटणार नाही हे जाणून न सांगता पाठवलेल्या चार भाकऱ्या, नांगरटीच्या दिवसांत दिलेली बैलजोडी, नव्या सुनेची भाषा आपल्याला येत नसली तरी तिच्या भाषेतले दोन शब्द शिकून तिला मारलेली हाक: यांत कोठेही गोडवा दाखवलेला नसतो, पण घाण्यातून निघालेले तेल असते.

बेल्यासारख्या गावाने हे फार पूर्वी ओळखले असावे. तेथे एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला तेलुगू, मध्ये गोंडी, कोलामी आणि उर्दू. हे गव्हाचे पीठ नव्हे, ज्वारीचे आहे. ते आपोआप धरून राहत नाही. कोणी तरी रोज आधण ठेवावे लागते, कोणी तरी मळीत राहावे लागते. वरच्या सरकारांनी १९५६ साली रेषा आखली, २०१४ साली पुन्हा आखली. त्या रेषांची कोणाला तक्रार असो वा नसो, त्या पुसणे गावकऱ्यांच्या हाती नव्हते. पण दोन कणांमधला ओलावा राखणे त्यांच्या हाती होते आणि आहे. त्याला ते मराठीत ‘स्नेह’ म्हणतात आणि तेलुगूत ‘स्नेहम्’.

तेव्हा आमची आमच्या वाचकांस एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी पत्राच्या किंवा पत्रिकेच्या खाली ‘स्नेहांकित’ असे लिहिताना क्षणभर हात थांबवा. आपण तेलाच्या नावाने सही करीत आहोत, हे आठवा. ज्याच्या नावे ते पत्र जात आहे, त्याच्या जखमेवर आपण कधी काही ओतले आहे काय, त्याच्या दिव्यात कधी चमचाभर घातले आहे काय, असे आपल्या मनाला विचारा. आणि उत्तर ‘नाही’ असे आले, तर सही खोडू नका. पत्र टपालात टाकू नका, ते घेऊन स्वतःच त्याच्या दारी जा. डब्यातले पीठ अजून विरी गेलेले नाही.